सायकल, मोकाट कुत्री आणि स्प्रे: खान्देशातल्या सायकलस्वारांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबार, कुठेही पहाटे सायकल काढणाऱ्यांच्या गप्पा पंक्चरवरून सुरू होतात आणि कुत्र्यांवर येतात. मग कोणीतरी खिशातून छोटा कॅन काढून दाखवतो. तो कॅन कधी काढायचा, कसा मारायचा आणि कधी खिशातच राहू द्यायचा, याबद्दल नेहमी विचारल्या जाणाऱ्या शंका इथे घेतल्या आहेत.

स्प्रे घ्यायलाच हवा का?

सगळ्यांना नाही. मेहरूण तलावाभोवती चार फेऱ्या मारून घरी येणाऱ्याला त्याची गरज क्वचितच पडेल. उजाडायच्या आत एकटं निघणं, दोन गावांमधल्या सुनसान रस्त्यावरून जाणं किंवा रोज त्याच टोळक्यासमोरून जावं लागणं, यातलं काही तुमच्या वाट्याला असेल तर जवळ असलेला बरा. मात्र तो शेवटचा उपाय म्हणून ठेवायचा. कॅन खिशात आला की माणूस आधीचे सगळे उपाय विसरतो, असं माझं निरीक्षण आहे.

खरी भीती दातांइतकीच पडण्याचीही आहे. कुत्रं अंगावर आलं की हात आपोआप हँडल वळवतात, आणि मागून केळीचा ट्रक किंवा वाळूचा डंपर येत असेल तर कुत्र्याचा प्रश्न राहतोच बाजूला. म्हणून पुढचं प्रत्येक उत्तर एकाच गोष्टीभोवती फिरेल: आधी सायकल थांबवा.

कुत्री सायकलच्याच मागे का लागतात?

आवाज न करता वेगाने जाणारी वस्तू आणि तिच्यावर वरखाली होणारे पाय, एवढं कुत्र्याला पाठलागासाठी पुरतं. त्यात आपला इलाखा राखायची सवय. तुम्ही जोरात पळालात की त्याच्या लेखी त्याने तुम्हाला हाकललं, त्यामुळे दुसऱ्या दिवशी ते आणखी उत्साहाने येतं.

जागा ठरलेल्या असतात: हायवेवरचे ढाबे, गावाबाहेरची मटण-चिकनची दुकानं, उकिरडे, मळ्यातली घरं. काळही ठरलेला असतो. भादव्यात टोळकी जमतात, नर एकमेकांवर चवताळलेले असतात आणि मध्ये येणाऱ्याला सोडत नाहीत. गाभण राहिलेली कुत्री साधारण दोन महिन्यांनी विते, म्हणजे दिवाळीनंतर थंडीत रस्त्याकडेला पिल्लं असतात. पिल्लांची आई एरवी कितीही गरीब असली तरी त्या दिवसांत तिच्या वाटेला जाऊ नये. नळकांडी, मोरी किंवा कडब्याची गंजी दिसली की थोडं लांबून जा.

स्प्रे काढायच्या आधी काय करायचं?

वेग कमी करा आणि खणखणीत आवाजात "हाड!" म्हणा. निम्मी कुत्री इथेच थबकतात, कारण सायकलवर माणूस बसलाय हे त्यांना आवाजाने कळतं. तरी आलं तर मागची गाडी बघून कडेला थांबा, उतरा आणि सायकल स्वतःच्या आणि कुत्र्याच्या मध्ये धरा. थांबलेल्या वस्तूचा पाठलाग करता येत नाही, त्यामुळे बहुतेकांचा जोर ओसरतो. पाठ फिरवू नका, डोळ्याला डोळा भिडवू नका, लाथ उगारू नका. तोंड त्याच्याकडे ठेवून सायकल ढकलत हळूहळू त्याच्या हद्दीबाहेर जा.

खाली वाकून दगड उचलल्यासारखं करणं गावठी कुत्र्याला चांगलं समजतं, दगड मारायची गरज नसते. बाटलीतलं पाणी तोंडावर उडवलं तरी पुष्कळ वेळा काम होतं.

जोरात मारून सटकावं का, हेही विचारतात. साधं गावठी कुत्रं थोड्या अंतरापुरतं ताशी ३०-४० किलोमीटरने सहज पळतं. मोकळ्या उतारावर आणि कुत्रं लांब असेल तर निघून जा. लळिंगचा चढ समोर असेल तर तो विचार सोडा.

बाजारात कोणकोणते स्प्रे मिळतात? कोणता घ्यावा?

इथे फसगत होते. ऑनलाइन 'डॉग रिपेलंट' शोधलं की अगदी वेगवेगळ्या वस्तू एकाच नावाखाली येतात. पाळीव कुत्र्याने सोफा कुरतडू नये किंवा गाडीच्या चाकावर मुतू नये म्हणून शिंपडायचा कडू-उग्र वासाचा स्प्रे ही एक. अंगावर येणाऱ्या कुत्र्यावर त्याचा काहीही उपयोग नाही. दुसरा सिट्रोनेलाचा, म्हणजे गवती चहाच्या जातीतल्या गवताच्या तेलाचा. कुत्र्यांना तो वास नकोसा होतो, इजा होत नाही, पण खवळलेलं कुत्रं त्याने थांबेलच असं नाही. तिसरा पेपर स्प्रे. त्यात मिरचीचा अर्क असतो. मिरचीला तिखट करणारं कॅप्सायसिन हेच त्यातलं मुख्य द्रव्य. सायकलवर लोक बाळगतात तो बहुधा हाच.

पेपर स्प्रेमध्येही प्रकार आहेत. धुक्यासारखा पसरणारा नेम न धरता लागतो, पण वाऱ्याने उलटाही लगेच येतो. धारेचा किंवा जेलचा लांब जातो, वाऱ्याने कमी उडतो, मात्र नेम लागतो. आपल्याकडच्या उघड्या माळावर मी धारेचा किंवा जेलचाच घ्या म्हणेन. माणसांवर वापरायचे काही कॅन फार तीव्र असतात. कुत्र्यांसाठी म्हणून बनवलेला सौम्य मिळाला तर तो निवडा. लेबलवर मुदत, पल्ला आणि सुरक्षा-कळ या गोष्टी बघून घ्या.

घरीच तिखटाचं पाणी बाटलीत भरलं तर? नंदुरबारची मिरची तर हाताशी आहे!

हा प्रश्न खान्देशात येणारच. नंदुरबारच्या बाजारात मिरचीच्या हंगामात नुसतं फिरलं तरी ठसका लागतो, मग स्प्रेला पैसे कशाला, असं वाटणं साहजिक आहे. पण तिखट पाण्यात टाकलं म्हणून त्याचा स्प्रे होत नाही. कॅप्सायसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, ते तेलात किंवा अल्कोहोलात विरघळतं. तिखटाचे कण तळाशी बसतात, नोझलमध्ये अडकतात आणि ऐन वेळी बाटलीतून दोन थेंब गळतात. दाब नसल्याने ते फूटभर जातात. कुत्रं फूटभर अंतरावर येईपर्यंत थांबायचं असेल तर स्प्रे कशाला हवा? शिवाय भरड कण कुत्र्याच्या किंवा तुमच्या डोळ्यात गेले तर बुबुळावर ओरखडे पडू शकतात.

फिनेल, ॲसिड, डासांचा किंवा झुरळांचा स्प्रे, डिओडरंट यांच्या वाटेला तर मुळीच जाऊ नका. त्यातले काही डोळे कायमचे घालवू शकतात.

कॅन सायकलवर कुठे ठेवायचा?

न बघता हात जाईल तिथे. पाठीवरच्या सॅकच्या तळाशी असलेला कॅन घरी ठेवल्यासारखाच. हँडलबारची छोटी पिशवी, वरच्या दांड्यावरची पिशवी किंवा कमरेचा पट्टा, या जागा बऱ्या. जर्सीच्या मागच्या खिशात ठेवलात तर पडल्यावर तो थेट पाठीच्या मणक्याखाली येतो.

कोणत्या हाताने काढणार हे आधी ठरवा. आपल्याकडच्या बऱ्याच सायकलींना पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो, पण काहींना उलटं असतं. स्वतःची सायकल बघा. मागचा ब्रेक ज्या हातात आहे तो हात हँडलवर राहिला पाहिजे. एका हाताने घाबरून नुसता पुढचा ब्रेक दाबला तर माणूस हँडलवरून पुढे जातो. घराच्या अंगणात, कळ बंद ठेवून, कॅन काढायचा सराव करा.

चालत्या सायकलवरून मारला तर चालेल ना?

नाही. थोडा हिशोब करू. ताशी २० किलोमीटरने चाललात तर सेकंदाला साडेपाच मीटर पुढे जाता. साध्या कॅनचा पल्ला असतो दोन ते चार मीटर. म्हणजे पुढे मारलेल्या फवाऱ्यात तुम्ही स्वतःच सेकंदाच्या आत शिरणार, तेही तोंड उघडं ठेवून धापा टाकत.

समोरून वारा असेल तर आणखी वाईट. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या माळावर पवनचक्क्या उगाच उभ्या नाहीत. पावसाळ्याच्या तोंडाला पश्चिमेकडून सुटणारा वारा ज्याने नवापूर किंवा साक्रीच्या दिशेने सायकल मारताना खाल्ला असेल, त्याला वेगळं सांगायला नको. ताशी १५ किलोमीटरचा समोरचा वारा आणि तुमचा २० चा वेग मिळून तोंडावर ३५ चा झोत येतो.

बाजूला किंवा मागे मारला तर? तेव्हा एक हात सुटलेला, मान वळलेली आणि सायकल मान वळेल तिकडे निघालेली. मागून येणारा मोटरसायकलवालाही त्या ढगात सापडतो. थांबून, दोन्ही पाय जमिनीवर ठेवूनच मारा.

मग नेमका मारायचा कसा?

थांबलात, सायकल आडवी धरली, ओरडलात, तरी कुत्रं दात विचकून पुढे येतंय. आता कॅन काढा आणि सुरक्षा-कळ उघडा. वारा कुठून येतोय ते गालावर कळतं. जमलं तर वारा पाठीशी घ्या. आडवा वारा चालेल, समोरून असेल तर दोन पावलं सरकून कोन बदला. नोझलचं तोंड कुठे आहे हे बोटाने चाचपा. घाईत उलटा धरलेला कॅन काय करतो ते सांगायला नको.

कुत्रं दोन-तीन मीटरवर आलं की त्याच्या तोंडाच्या थोडं पुढे आणि खाली, जमिनीकडे, एक सेकंदाची छोटी फवारणी करा. पुढे येणारं कुत्रं त्यात स्वतःच नाक खुपसतं. पूर्ण कॅन एका दमात रिकामा करू नका. टोळकं असेल तर पुढे होणाऱ्या एकावर मारा, बाकीची बहुतेक त्याच्या मागेच असतात. एक मीटरच्या आत डोळ्यावर थेट धार मारू नका, दाबाने बुबुळाला इजा होऊ शकते.

कुत्रं थबकलं, शिंकायला लागलं की झालं. त्याला धडा शिकवायला आणखी एक फवारा नको. वाऱ्याच्या उलट्या बाजूने चालत बाहेर पडा. हाताला लागलं असेल असं धरूनच चला आणि हात धुतल्याशिवाय घाम पुसू नका.

जवळ कोणी बिडी ओढत असेल, चहाचा गॅस पेटलेला असेल तर मारू नका. बऱ्याच कॅनमधला दाबाचा वायू किंवा अल्कोहोल पेट घेतं.

ग्रुपमध्ये असलो तर?

एकाने मारला की मागच्या सगळ्यांना लागतो. ग्रुपमध्ये स्प्रेपेक्षा आवाज कामाचा: पुढच्याने "कुत्रं, डावीकडे!" ओरडावं, सगळ्यांनी वेग कमी करून एकत्र यावं. स्प्रे लागलाच तर शेवटी असणाऱ्या अनुभवी माणसाकडे असावा.

मेंढरांच्या कळपासोबतची कुत्री फार अंगावर येतात. त्यांच्यावर मारायचा का?

ही कुत्री मोकाट नसतात, कामावर असतात. साक्री, धुळे भागातले ठेलारी मेंढपाळ पावसाळ्यानंतर मेंढरं घेऊन चराईला बाहेर पडतात. लांडग्यापासून आणि चोरांपासून कळप राखणं हेच त्यांच्या कुत्र्यांचं काम. कळप आणि त्यांच्या मध्ये तुम्ही सायकल घातलीत तर ती येणारच, आणि त्यांचं बरोबर आहे.

कळप दिसला की लांबूनच उतरा. मेंढपाळाला हाक मारा: "बाबा, कुत्रं धरा हो, जाऊ द्या आम्हाले." तो एक शीळ घालतो किंवा हाक देतो आणि विषय संपतो. त्याच्याशी बोलणारा माणूस परका नाही, हे कुत्र्याला कळतं. मेंढरं रस्ता ओलांडत असतील तर मधून घुसू नका, पाच मिनिटं थांबा. इथे स्प्रे मारणं म्हणजे गरिबाची राखण एका तासासाठी आंधळी करणं. मेंढरं बिथरून हायवेवर पळाली तर नुकसान कोण भरणार?

मळ्यातल्या कुत्र्यांचंही तसंच. केळीच्या बागेत किंवा ट्यूबवेलच्या खोलीवर सालदार राहत असतो. त्याला आवाज द्या. रोजचा रस्ता असेल तर एक दिवस थांबून चहापाणी करा, कुत्र्याचं नाव विचारून घ्या. नावाने हाक मारली की पुष्कळ कुत्री गोंधळून शेपूट हलवतात.

मालक समोर उभा राहून म्हणतो, "काही करस नही तो." अशा वेळी?

त्याला काही करत नाही, हे खरंच असतं. भांडू नका. "दादा, तुमाले ओळखतं, माले नाही. पट्टा धरा" एवढं सांगा. मालकासमोर कॅन काढला की कुत्रं राहतं बाजूला आणि माणसांचं जुंपतं. वारंवार होत असेल तर ग्रामपंचायतीकडे किंवा पोलिसांकडे लेखी द्या. आपल्या प्राण्यापासून माणसाला धोका होऊ नये म्हणून काळजी न घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली गुन्हा आहे.

कायद्याने स्प्रे बाळगता येतो का? कुत्र्यावर मारला तर गुन्हा होतो का?

स्वसंरक्षणासाठी पेपर स्प्रे बाळगायला परवाना लागत नाही. अंगावर येणाऱ्या कुत्र्याला थोपवण्यापुरता वापर हा बचाव झाला. झोपलेल्या, लांबून भुंकणाऱ्या किंवा पळून चाललेल्या कुत्र्यावर मारणं ही क्रूरता, आणि तिला १९६० चा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा लागू होतो. विष घालणं, मारून टाकणं किंवा लुळं करणं याला न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंत कैद आहे.

माणसाच्या बाबतीत जास्त जपा. कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२४ साली एका भांडणाच्या प्रकरणात पेपर स्प्रेला धोकादायक हत्यार मानून तपास थांबवायला नकार दिला होता.

टोळक्याचा कायमचा बंदोबस्त हवा असेल तर महापालिकेला, नगरपालिकेला किंवा ग्रामपंचायतीला लिहा. प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ प्रमाणे नसबंदी आणि रेबीजची लस ही स्थानिक संस्थेची जबाबदारी आहे. अशी कुत्री लस देऊन सहसा पुन्हा त्याच भागात सोडतात, त्यामुळे ती दिसेनाशी होतील ही अपेक्षा ठेवू नका. पण नसबंदी झाली की भादव्यातली धुमश्चक्री आणि पिल्लांच्या आयांचे हल्ले कमी होतात.

कुत्र्याला कायमची इजा होते का?

लेबलप्रमाणे अंतर राखून मारला तर सहसा नाही. डोळे-नाक चुरचुरतं, पाणी येतं, अर्ध्या-पाऊण तासात जोर उतरतो.

माझ्याच डोळ्यात गेला तर?

सायकल चालवू नका, बसा. चोळू नका. कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर हात धुऊन काढा. साध्या पाण्याने पंधरा मिनिटं डोळे धुवा, मधूनमधून उघडझाप करा. कातडीवरचा अर्क तेलकट असतो, नुसत्या पाण्याने निघत नाही, साबण लावा. तूप, तेल, मलम लावू नका, त्याने तो पसरतो.

आणि सायकलवर एक बाटली साध्या पाण्याची असू द्या. दोन्ही बाटल्यांत लिंबू-साखर किंवा इलेक्ट्रॉल असेल तर डोळे कशाने धुणार? दमा असणाऱ्याला श्वास लागला किंवा तासाभराने दिसायला धूसरच असलं तर थेट डॉक्टरकडे जा.

आपल्याकडच्या उन्हात कॅन फुटू शकतो का?

हो, आणि खान्देशात हा प्रश्न पुस्तकी नाही. दाबाच्या कॅनवर ५० अंशांच्या वर तापू देऊ नका, असं छापलेलं असतं. मे महिन्यात भुसावळ-जळगावला सावलीतला पारा ४५ च्या वर जातो. मग उन्हात लावलेल्या कारचं आतलं तापमान किंवा चहाच्या टपरीबाहेर उन्हात उभ्या सायकलवरची काळी पिशवी यांचा अंदाज करा. कॅन डॅशबोर्डवर ठेवू नका, घरी आल्यावर थंड कोरड्या जागी आणि मुलांच्या हाताबाहेर ठेवा. उन्हाळा संपला की एकदा मोकळ्या जागी, वारा बघून, अर्धा सेकंद मारून पाहा.

चावलंच तर?

स्प्रे, भांडण, फोटो सगळं नंतर. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा. वावरातली मोटर चालू असेल तर तिथेच धुवा. मग पोव्हिडोन आयोडीन लावा. हळद, चुना, तिखट, तेल, काही भरू नका. घट्ट पट्टी बांधू नका.

त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा सिव्हिलला जा. लस सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. कातडीत द्यायची असेल तर ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी, स्नायूत द्यायची असेल तर ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी. पहिल्या डोसचा दिवस म्हणजे ० दिवस. रक्त आलं असेल तर लसीसोबत जखमेत द्यायचं इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे रेबीजविरोधी तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शनही लागतं, ते स्वतःहून विचारा. नुसता ओरखडा आहे म्हणून सोडू नका. रेबीजची लक्षणं सुरू झाल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. गावात जडीबुटी देणारा असेल तर त्याच्याकडे एक तासही घालवू नका.

खेड्यापाड्यांतून रोज सायकल मारणाऱ्याने आधीच लस घेऊन ठेवायची का, हे डॉक्टरांना जरूर विचारा. तशी सोय आहे. पूर्ण लस आधी झालेली असली तरी चावल्यावर दोन डोस घ्यावेच लागतात.

पिसाळलेल्या कुत्र्यावर स्प्रे चालतो का?

भरवसा धरू नका. लाळ गळणारं, दिशाहीन धावणारं, दिसेल त्याला चावणारं कुत्रं दिसलं तर सायकल मध्ये ठेवून एखाद्या घराच्या ओट्यावर, ट्रॅक्टरवर, कुठेही उंचावर जा आणि लोकांना सावध करा.

तोरणमाळ, पाटणादेवीकडे माकडं आणि बिबट्यासाठी?

नको. माकडासमोर खाण्याची पिशवी बंद ठेवणं पुरतं. वन्य प्राण्याला इजा करणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. बिबट्याच्या भागात अंधारात एकट्याने सायकल मारू नये हेच उत्तर. चाळीसगाव भागाने २०१७ साली काय भोगलं ते तिथल्या माणसांना विचारा.

शाळेत सायकलने जाणाऱ्या मुलांना द्यावा का?

नाही. वर्गात कोणीतरी तो दाबून बघणारच. मुलांना उतरायला, सायकल आडवी धरायला आणि मोठ्याने हाक मारायला शिकवा.

अल्ट्रासोनिक यंत्र, लाल पाण्याची बाटली?

माणसाला ऐकू न येणारा आवाज काढणाऱ्या या यंत्राला काही कुत्री बिचकतात, काही ढुंकूनही बघत नाहीत. लाल-निळ्या पाण्याच्या बाटल्यांच्या शेजारीच पाय ताणून झोपलेली कुत्री कोणत्याही गल्लीत बघून घ्या.

विमानाने जाताना नेता येतो का?

केबिनमध्ये नाही. घरीच ठेवा.

मुदत संपलेला कॅन कुठे टाकायचा?

मुदत बहुधा दोन ते चार वर्षांची असते. ती उलटली की आतलं द्रव्य असतं, पण दाब कमी झालेला असतो आणि धार पायाशीच पडते. मोकळ्या माळावर, वारा पाठीशी घेऊन, आसपास जनावर-माणूस नाही असं बघून तो रिकामा करा. भोक पाडू नका. होळीत किंवा थंडीतल्या शेकोटीत टाकू नका, रिकामा वाटला तरी फुटतो. कागदात गुंडाळून, वर लिहून, घंटागाडीवाल्याच्या हातात वेगळा द्या.